लांबडी गाडी आणि सीताफळाचे दिवस

आमच्या चिरंजीवांनी नवी गाडी घेतली आहे. पांढरी, उंच आणि रुंद. सिरसाळ्याच्या बाजारात अशा गाड्या आता डझनाने दिसतात. ज्याच्या दारात ती उभी नाही त्याच्याकडे पाहुणेसुद्धा चहा अर्धा ठेवून उठतात. मी तिच्यात बसत नाही, चढतो. आधी दाराची कडी धरायची, मग पट्टीवर उजवा पाय, मग आतून कुणीतरी हात द्यायचा आणि 'हं' करून अंग वर ओढायचं. माणसानं गड चढावा, गाडीत बसावं, असं माझं साधं मत आहे. ते मी बोलून दाखवलं की सूनबाई हसू दाबते आणि चिरंजीव म्हणतात, "बापू, लांबडीचं पुराण नका लावू आता."

परवा त्याच गाडीतून आम्ही धारूरच्या घाटातून येत होतो. घट बसून चार दिवस झाले होते. वळणावळणावर बायका सीताफळाच्या पाट्या घेऊन बसलेल्या. चिरंजीवांनी दोन पाट्या घेतल्या, मागे ठेवल्या, दार आपलं आपण मिटलं आणि आत सगळं गार, बंद, गुळगुळीत होऊन गेलं. वास म्हणून नाही. मागे सीताफळं आहेत हे घटकाभरात मी विसरूनही गेलो होतो. सीताफळाचे दिवस, गाडीत दोन पाट्या, आणि नाकाला पत्ता नाही! मला खरंच वाईट वाटलं. मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले, तर काचेच्या पलीकडे माझी जुनी गाडी हळूहळू शेजारून चालायला लागली.

लांबडी म्हणजे माझी स्टेशन वॅगन. पुढून पाहावं तर साधी छोटी मोटार, पण मागे डिकी असायची तिथे छप्पर तसंच सरळ गेलेलं. पुढून मोटार, मागून माळवद. रंग सायीचा होता, असं विकणारा म्हणाला. माझ्याकडे आली तेव्हा तो ताकाचा झाला होता. मी ती बियाणं विकत फिरणाऱ्या एका एजंटाकडून जुनी घेतली. धंदा माझा लाउडस्पीकरचा. लग्न, बारसं, सप्ताह, सभा, जिथे चार माणसांना मोठ्यानं काही सांगायचं असेल तिथे मी. भोंगे टपावर बांधायचे आणि ॲम्प्लिफायर मागे, गोधड्यांच्या तीन थरांवर, तान्ह्या पोरासारखा. बाकीचे स्पीकरवाले टेम्पो नाहीतर जीप बाळगायचे. ते मला हसायचे. "काय बे, ह्यी गाडी हाय का गाभण म्हैस?" असं एकानं भर बाजारात विचारलं होतं. मीही हसलो, पण आतून लागलं होतं.

तिची गंमत लांबून कळायची नाही. तिचं मागचं दार वर उघडायचं आणि उघडलं की छज्जा व्हायचा. त्याच्या सावलीत, मागच्या कडेवर, पाय खाली सोडून दोन माणसं निवांत भाकरी खात. ती कड गुडघ्याएवढी. पोतं असो की म्हातारी, काही उचलावं लागत नसे, नुसतं टेकवून आत सरकवायचं. बाभळीच्या कुंपणांमधून बैलगाडी जाईल त्या वाटेनं ती जाई. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आत सगळी मिळून एकच खोली होती. ट्रकमध्ये माणसं एकीकडे, माल दुसरीकडे. मोटारीतसुद्धा डिकी म्हणजे वेगळं घर. लांबडीत मात्र चालवणारा, बसणारा, ज्वारीचं पोतं आणि कुणाची करडी शेळी, सगळे एकाच हवेत. मागे काय हललं, काय सांडलं, काय शिंकलं ते पुढे कळायचं. मोठी गाडी ओझं नेते. लांबडी ओझ्याला सोबत घेऊन निघायची. हे मला चिरंजीवांना पटवून देता येत नाही, तो भाग वेगळा.

मग ते साल आलं. तसा आमच्याकडे दुष्काळ पाहुणा नाही, घरचाच आहे, पण त्या साली तो पाय पसरून बसला. मृगानं एकदा तोंड दाखवलं, पोळ्याला चार थेंब, बस्स. विहिरीत बघायला गेलं तर आपलं तोंडही दिसेना. लग्नं पुढे ढकलली गेली, सप्ताह बिनभोंग्याचे झाले. माझे भोंगे ओसरीत उलटे पडून होते आणि त्यात चिमण्यांनी घरटी केली. सगळा मुलूख भाजलेल्या पापडाच्या रंगाचा, पण बालाघाटाच्या डोंगराकडे पाहिलं की उतारावर हिरवे ठिपके. ती सीताफळं. त्यांना कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. पाल्याला शेळीही तोंड लावत नाही, म्हणून ती टिकली. आणि त्या साली, हट्टानं केल्यासारखी, झाडं फळांनी वाकली होती.

त्या डोंगराच्या कुशीत आक्काची वाडी. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बारा-तेरा वर्षं झाली होती तिच्या लग्नाला, आणि लग्नाच्या पहिल्या सालापासून दसरा झाला की ती आणि दाजी ऊसतोडीला जायचे. नवराबायको मिळून एक कोयता मोजतात तिकडे; एकट्याचा कोयता होत नाही. दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक यायचा, आणि गुढीपाडव्यानंतर माणसं काळी होऊन परतायची. त्या साली तर जे कधी जात नव्हते त्यांनीही मुकादमाकडे नावं दिली होती.

पितृपाठात मी तिच्याकडे गेलो होतो. दाजी दावणीला बसून दोर वळत होते. आक्का भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघता म्हणाली, "औंदा मला जायचं न्हाई."

"दुखतंय का काही?" मी विचारलं.

"दुखत न्हाई काय बी. मला एकदा घरची संक्रांत बघायचीय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "लग्न होऊन आले तवापासून माझ्या घरात मी थंडीत कधी झोपलेच न्हाई. हिवाळ्यात ह्ये घर कसं दिसतंय, त्येच मला ठावं न्हाई."

मी इतकी वर्षं तिला ट्रकवर बसवायला जात होतो, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. दाजी मात्र हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ते हिशेबी माणूस. कोपऱ्यातल्या शेणानं लिंपलेल्या कणगीवर त्यांनी थाप मारली. आतून रिकामा आवाज आला. "पाव्हणं, मुकादमाला मी अजून हो म्हणलेलं न्हाई," ते म्हणाले. "ट्रक यायच्या दिशी ह्या कणगीत कमरेएवढी ज्वारी असली तर ऱ्हाऊ. न्हाई तर जाऊ. उपाशी ऱ्हाऊन घर बघायचं नसतंय."

आक्कानं ते शब्द पदराला गाठ मारावी तसे घेतले. वाडीत आधीच बायकांची एक संस्था झाली होती. सहकार खात्याचे कुणी साहेब येऊन सीताफळ उत्पादकांची सहकारी संस्था स्थापून गेले होते. पंधरा-वीस बायका सभासद, गयाकाकू चेअरमन. गयाकाकूंचा अंगठा इतका नीट उमटला होता की त्या तो कागद ज्याला त्याला दाखवायच्या. रोज डोंगर चढायचा, डोळे उघडलेली, म्हणजे खवल्यांच्या फटी पिवळसर झालेली फळं हेरायची, आणि पाट्या भरून आणायच्या. आता माल लातूरच्या मोंढ्यात न्यायचा कसा, एवढाच प्रश्न होता.

सभा भरली आणि एकमतानं ठरलं, ट्रक करायचा. दुसरं काही कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांनी सहकार पाहिला होता तो साखर कारखान्याच्या फाटकावर, आणि तिथे तो ट्रकांच्या रांगेत उभा असायचा. "सहकाराचा माल ट्रकातच जातो," गयाकाकू म्हणाल्या. त्यावर कोण बोलणार? ट्रकला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मला माईकसाठी बोलावलं होतं, फुकट.

मग पुरुष मंडळी माल भरायला सरसावली. ही माणसं ट्रक भरण्यात अशी तयार, की उसाची मोळी अशी बसवतील जशी भिंतीत वीट. त्यांनी सीताफळंही तशीच भरली. पाटीवर पाटी, पाटीवर पाटी, मधे बोट जाऊ नये अशी. वरून सोल, म्हणजे जाड दोर, टाकला, दोन्हीकडून पाय रोवून "हय्या" करत आवळला. शेवटी चौघं जण वर चढून बसले, कारण भरल्या ट्रकवर बसायचं असतं. मी माईकवर या कामाचं कौतुकही केलं! लातूरला फळी उघडली तेव्हा खाली पांढरी धार लागली. आडत्यानं चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि विचारलं, "माल कुठंय बाई? ही तर बासुंदी आहे." आक्का ते सांगताना हसायची, पण त्या दिवशी ती हसली नव्हती. मोकळ्या ट्रकमध्ये मागे बसून ती परत आली आणि दाराशी पाय धुवायलाही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चालत सिरसाळ्याला माझ्याकडे आली. ओसरीत उभी राहून लांबडीकडे बघत म्हणाली, "फळाला तुजी गाडी का म्हून न्हाई?"

"माझी गाडी आवाजाची हाय आक्का, फळाची न्हाई," मी म्हणालो. मला माझ्या गोधड्या दिसत होत्या. त्यांना चीक लागला, मुंग्या लागल्या, तर ॲम्प्लिफायरचं काय?

"आवाज तरी कोन ऐकतंय औंदा?" ती म्हणाली.

खरं सांगतो, मला राग आला. खरं कुणी तोंडावर बोललं की येतो तसा. पण मी किल्ली घेतली.

ते दिवस आठवले की आधी आठवतो तो वास. गोधड्या पसरायच्या, त्यावर सीताफळाचाच पाला, त्यावर फळं एकच थर, फार तर दोन, डोळे वर करून. मोजक्याच पाट्या मावत. ट्रकच्या मानानं चिमूटभर. पण दिवसाआड फेरी, आणि फळ जसं झाडावरून उतरलं तसंच आडत्यापुढे. आक्का पुढे माझ्याशेजारी बसायची, अर्धी मागे वळून. सकाळी वाडीतून निघताना गाडीत नुसता हिरवा, कच्चा, डोंगराचा वास असे. घाट उतरला, ऊन वर आलं, परळी मागे पडली, की त्यात कुठूनतरी एक गोड धागा शिरायचा. आक्का नाक वर करायची. "एक पिकलं," म्हणायची. मागे हात घालून, न बघता, पन्नास फळांतून नेमकं तेच काढायची. वाटेतल्या फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्या कुणाला ते जायचं, नाहीतर आम्ही दोघं मागचं दार वर करून त्या सावलीत बसून खायचो. बाहेर सगळा माळ उन्हात भाजत पडलेला. आम्ही बिया लांब थुंकायचो, लहानपणी थुंकायचो तशा, आणि आक्काची नेहमी लांब जायची.

मी गाडी चालवत होतो की गाडी मला, हे कळू नये असे ते दिवस होते. मागे फळं आहेत म्हटल्यावर पाय आपोआप हलका होई. खड्डा आला की मी आधी मागे कान देई. लग्नाच्या वरातीत एवढं जपून मी नवरानवरीलाही नेलं नव्हतं. गाडीच्या बारीक घरघरीत आक्का कधी ओव्या म्हणे, कधी अचानक विचारे, "पौषात कुडाला गारवा येत असंल का रे? भिंतीतनं वारा येतो का?" स्वतःच्या घराबद्दल ती असं विचारायची जसं नवी नवरी सासरबद्दल विचारते. मला काय माहीत? मी म्हणायचो, येत असंल.

येताना गाडी मोकळी येत नसे. फळं उतरली की त्याच गोधड्यांवर ज्वारीचं पोतं. डोंगराच्या पायथ्याशी पाण्याचा टँकर उभा असायचा, कारण वरचा चढ भरल्या टँकरला झेपत नसे. मग पोत्याशेजारी चार घागरी. लांबडी कण्हत, पण वर चढे. ज्वारी कणगीत ओतताना आक्का दाजींकडे बघायची. दाजी काठी बुडवून बघत आणि परत खुंटीला लावत. आधी घोट्याएवढी, मग पोटरीएवढी. दसरा गेला. फळं कमी व्हायला लागली. चांगल्या झाडांवर वानरं येऊन गेली. मी एक फेरी वाढवली, दोन वाढवल्या. रोज सकाळी किल्ली फिरवताना एकच विचार, की आज कणगी कुठवर जाईल.

ट्रक आला त्या सकाळी आम्ही शेवटची फेरी करून वाडीच्या वाटेला लागलो होतो. वाट एकाच गाडीची. समोरून तो आला, माणसांनी, भांड्यांनी, खाटांनी, कोंबड्यांच्या खुराड्यांनी भरलेला. मी लांबडी बाभळीत घालून त्याला वाट दिली. तो शेजारून जाताना आक्काला वर सगळे ओळखीचे चेहरे दिसले. गयाकाकूही होत्या. त्यांनी नाव दिलं होतं. आक्कानं विकायची राहिलेली चार फळं ओच्यात घेतली, खाली उतरली आणि वर हात केला, पण हात फळीपर्यंतही जाईना. ट्रक उंच, वरचे हात आखूड. शेवटी गयाकाकूंनी आपला पदर खाली सोडला आणि आक्कानं त्यात फळं बांधून दिली. "मागनं येती का गं तू?" त्यांनी विचारलं. मुकादमाचा दुसरा ट्रक दुपारी यायचा होता. आक्का म्हणाली, "ठावं न्हाई काकू." ट्रक धुरळा उडवत गेला, आक्का परत गाडीत बसली आणि मी लांबडी बाभळीतून बाहेर काढली.

घरी पोचलो. शेवटचं पोतं ओतलं. दाजींनी खुंटीची काठी काढली, कणगीत बुडवली, बाहेर काढली. धान्याची भुकटी लागली होती तिथे बोट धरून त्यांनी ती अंगणात आपल्या पायाशी उभी केली. गुडघा. गुडघ्याच्या वर चार बोटं असेल. कंबर फार लांब होती. आक्का दारात उभी होती. शब्द दिला होता, तो तिलाही मान्य होता. ती आत वळली, ती गाठोडं बांधायलाच, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

"थांब की," दाजी म्हणाले. मग ते अंगणात मातीत फतकल मारून बसले. काठी त्यांनी पुन्हा शेजारी उभी केली, बोट होतं तिथेच ठेवून. "आता बघ. कमरेच्या वर हाय." आणि माझ्याकडे वळून, अगदी गंभीर तोंड करून, "पाव्हणं, उभ्यानंच मोजायचं असं मी म्हणलतो का?"

इतक्या वर्षांत हिशेबात एक दाणा इकडचा तिकडे न करणारा माणूस! आक्का हसली आणि हसता हसता रडली, आणि मी उगाच गाडीचं मागचं दार उघडून गोधड्या झटकत राहिलो.

त्या पौषात मी संक्रांतीला गेलो. वाडी ओस होती, पाच-सहा चुली काय त्या पेटलेल्या. आक्का मला हात धरून आत घेऊन गेली. तिच्या घराचं दार दक्षिणेला. त्यावरून सासूपासून सगळे बोलायचे, दक्षिणेचं दार, म्हणून घर अंधारं, म्हणून बरकत नाही. तिलाही तेच माहीत होतं, कारण उन्हाळ्या-पावसाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, आणि ते घर तेव्हा खरंच अंधारं असे. पण आता हिवाळा होता. सूर्य दक्षिणेकडे कलून खाली आला होता आणि दारातून उन्हाचा लांबच्या लांब पट्टा आत येऊन पार पाण्याच्या रांजणाला टेकला होता. शेणानं सारवलेली जमीन, उतरंड, कणगी, सगळं उजळलेलं. "बघ," आक्का हळू आवाजात म्हणाली, कुणी झोपलेलं असावं तसं. "रोज येतंय. आपल्या घरात लई उजेड हाय रे. मला कुनी सांगितलंच न्हाई." आम्ही त्या पट्ट्यात बसून तिळगूळ खाल्ला.

पुढच्या साली पाऊस भरपूर झाला. सीताफळं इतकी आली की सगळ्यांच्याच दारात आली, आणि उदंड झालेल्या गोष्टीला कोण विचारतो? संस्थेचा कागद गयाकाकूंच्या ट्रंकेत राहिला. ऊसही उदंड होता. दसरा झाला, ट्रक आला, आणि आक्का-दाजी त्यात चढले. मी खालून हात दिला.

पौषात मी लांबडी घेऊन पार तिकडे, उसाच्या मुलखात, त्यांना भेटायला गेलो. फडात दाजी तोडत होते, आक्का मोळ्या बांधत होती. आम्ही घरचं, पाण्याचं, माझ्या धंद्याचं बोललो. बोलता बोलता ती थांबली. कपाळावर हात आडवा धरून तिनं सूर्याकडे पाहिलं, मग पायाशी पडलेल्या आपल्या सावलीकडे.

"आत्ता घरी ऊन रांजनाला लागलं आसंल," ती म्हणाली, आणि गुडघा रोवून तिनं मोळी आवळली.